अ‍ॅड्रिनलच्या कणातला साक्षीदार

मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. भीती वाटली, राग आला, रक्तदाब एकदम घसरला की तिच्या आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. एवढे शाळेतच शिकवतात. ते उतरते कसे, हे मात्र १९६० च्या दशकापर्यंत भल्याभल्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हते. या कोड्याच्या उत्तराबरोबरच एक प्रथिन पुढे आले. आज त्याचे नाव कर्करोगाच्या रिपोर्टांवर छापलेले दिसते : क्रोमोग्रॅनिन ए.

१९५३ साली ऑक्सफर्डमध्ये ब्लाश्को आणि वेल्श यांनी, तर स्वीडनमध्ये हिलार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की अ‍ॅड्रिनॅलिन पेशीत मोकळे फिरत नाही. पडद्याने वेढलेल्या सूक्ष्म कणांत ते साठवलेले असते. हर्मन ब्लाश्को मूळचे बर्लिनचे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढचे आयुष्य इंग्लंडमध्ये काढले. (त्वचारोगतज्ज्ञ 'ब्लाश्को रेषा' म्हणतात, त्या त्यांच्या वडिलांच्या नावाच्या. बाप-लेक दोघांची नावे वैद्यकात राहिली, पण अगदी वेगवेगळ्या दालनांत.) कण सापडले, तरी प्रश्न उरलाच. मज्जातंतूचा इशारा आल्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचे रेणू कणाच्या पडद्यातून झिरपून आधी पेशीत येतात आणि मग बाहेर पडतात, की अख्खा कण पेशीच्या भिंतीला चिकटून तिथेच तोंड उघडतो आणि आतला सगळा ऐवज थेट बाहेर ओततो?

निवाडा करायचा तर कणातली अशी वस्तू हवी होती, जी आकाराने इतकी मोठी असेल की पडद्यातून झिरपणे तिला शक्यच नाही. कणांत प्रथिन असते हे ठाऊक होते. १९६५ मध्ये बँक्स आणि कॅरेन हेल यांनी दाखवले, की ग्रंथी उत्तेजित केली की तिच्यातून हे प्रथिनही बाहेर येते. दोनच वर्षांनी ब्लाश्को आणि सहकाऱ्यांनी जिवंत वासरांच्या ग्रंथीकडे जाणारी नस उत्तेजित केली आणि ग्रंथीतून निघणाऱ्या शिरेच्या रक्तात तेच प्रथिन पकडले. 'नेचर'मधल्या त्या छोट्याशा टिपणात त्याचे क्रोमोग्रॅनिन असे नामकरण झाले. १९६७ सालीच श्नायडर, स्मिथ आणि विंकलर यांनी उलट बाजूही तपासली. पेशीरसात मोकळा असणारा लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हा विकर अ‍ॅड्रिनॅलिनबरोबर बाहेर येतो का? येत नव्हता. म्हणजे पेशी फुटत नव्हती, गळतही नव्हती. कण आपले तोंड उघडत होता, आतला माल सोडत होता आणि पडदा मागेच ठेवत होता. एक्सोसायटोसिसचा हा रासायनिक पुरावा मला प्रयोगशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो. महागडे यंत्र नाही, आकडेमोडीचा डोंगर नाही. बाहेर काय आले आणि काय आले नाही, एवढाच हिशेब.

पुढची पंधरा-वीस वर्षे या प्रथिनाचा प्रवास जरा विनोदी झाला. पॅराथायरॉइड ग्रंथीवर काम करणाऱ्यांना तिच्या संप्रेरकाबरोबर स्रवणारे एक प्रथिन सापडले. त्यांनी त्याला 'पॅराथायरॉइड सिक्रेटरी प्रोटीन १' म्हटले. ते म्हणजे क्रोमोग्रॅनिन ए हेच प्रथिन आहे, हे १९८२ मध्ये उलगडले. १९८६ मध्ये तातेमोतो आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा स्राव रोखणारा ४९ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा केला आणि त्याला पँक्रिआस्टॅटिन म्हटले. त्याच सुमारास क्रोमोग्रॅनिनच्या जनुकाचा क्रम वाचला गेला होता. दोन्ही क्रम शेजारी ठेवल्यावर पँक्रिआस्टॅटिन हा क्रोमोग्रॅनिनचाच तुकडा निघाला. तीन ग्रंथी, तीन प्रयोगशाळा, तीन नावे आणि माल एकच.

माणसात हे प्रथिन घडवणारे जनुक, सीएचजीए, चौदाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. लांबी सुमारे १२ हजार अक्षरे, एक्सॉन ८. त्यावरून ४५७ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. पहिली १८ अमिनो आम्ले तिला योग्य वाटेला लावण्यापुरती असतात आणि लगेच छाटली जातात, उरतात ४३९. आम्लधर्मी अमिनो आम्लांचा भरणा असल्याने ही साखळी कॅल्शियम मोठ्या प्रमाणात धरून ठेवते. कणात अ‍ॅड्रिनॅलिन, एटीपी आणि कॅल्शियम इतके ठासून भरलेले असतात, की ते सगळे सुटे विरघळलेले राहिले असते तर पाणी आत ओढले जाऊन कण फुटलाच असता. क्रोमोग्रॅनिन हा ऐवज बांधून ठेवते. कण तयार होण्याचा मुख्य खटकाच हे प्रथिन आहे, असा दावा २००१ मध्ये 'सेल' या नियतकालिकात झाला. लवकरच त्याला आव्हानही मिळाले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांतही कण तयार होतात, त्यामुळे 'मुख्य खटका' हा शब्द मला अतिरेकी वाटतो.

बांधणीपेक्षा रंजक आहे ती तोडणी. साखळीत लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्ले ठिकठिकाणी जोडीने बसलेली असतात आणि ऊस पेरांवर तोडावा तशी विकरे तिला नेमकी तिथे तोडतात. पुढच्या टोकाचा तुकडा व्हॅसोस्टॅटिन, मधला पँक्रिआस्टॅटिन. ३५२ ते ३७२ हा २१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे कॅटेस्टॅटिन. तो १९९७ मध्ये सॅन डिएगोत सुशील महाता, डॅनिएल ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी शोधला. त्याचे काम ऐकण्यासारखे आहे : ग्रंथीच्या गाभ्यातल्या क्रोमाफिन पेशीवरच्या, मज्जातंतूचा इशारा घेणाऱ्या निकोटिनिक ग्राहीला तो अडवतो, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनबरोबर बाहेर पडून पुढच्या अ‍ॅड्रिनॅलिनलाच लगाम घालतो. २००५ मध्ये नितीश महापात्रा आणि सहकाऱ्यांनी उंदरांतले क्रोमोग्रॅनिनचे जनुक काढून टाकले. उंदरांचा रक्तदाब चढला. माणसाचे जनुक घातले, तो उतरला.

महापात्रा पुढे चेन्नईच्या आयआयटीत आले आणि इथून गोष्ट आपल्याकडे वळते. काही माणसांत कॅटेस्टॅटिनमधल्या ३६४ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन असते. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात हा बदल असलेल्या पुरुषांचा खालचा रक्तदाब कमी आढळला. चेन्नई आणि चंडीगढ इथल्या लोकांत मात्र त्याच बदलाचा संबंध उच्च रक्तदाबाच्या वाढत्या जोखमीशी दिसला. एकाच अक्षराचा फरक, दोन देशांत दोन निष्कर्ष. थुंकीच्या नमुन्यावरून आयुष्याचे भविष्य सांगणाऱ्या जनुकीय पॅकेजांच्या जाहिराती वाचताना हे उदाहरण आठवावे.

रुग्णांपर्यंत हे प्रथिन १९८४ मध्ये पोहोचले. ओ'कॉनर आणि बर्नस्टीन यांनी ते रक्तात मोजण्याची पद्धत काढली आणि अ‍ॅड्रिनलच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीत ते वाढलेले असते हे दाखवले. त्याच वर्षी विल्सन आणि लॉइड यांनी काचपट्टीवर ते ओळखणारे प्रतिपिंड तयार केले. या दोन शोधांचे नशीब मात्र सारखे नाही.

काचपट्टीवर क्रोमोग्रॅनिन भरवशाचे आहे. आतडे, स्वादुपिंड, फुप्फुस, जठर यांत विखुरलेल्या न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या गाठी असतात. त्यांना १९०७ मध्ये ओबर्नडोर्फर यांनी 'कार्सिनॉइड' म्हटले होते. सामान्य रंगद्रव्यांनी त्यांची ओळख पटवणे कठीण, पण क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन यांचे रंग चढले की पॅथॉलॉजिस्ट ठामपणे बोलू शकतो. पुढे पेशी किती वेगाने विभागतात हे दाखवणाऱ्या केआय-६७ ची टक्केवारी पाहून प्रत ठरते : ३ टक्क्यांच्या आत पहिली, २० पर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. मार्च २०१८ मध्ये अभिनेता इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला, तेव्हा 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत घरोघरी पोहोचले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. या गाठींवरच्या एका महत्त्वाच्या उपचाराचा पत्ताही मुंबईचाच आहे. तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते. सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहींना चिकटणाऱ्या रेणूला ते जोडून परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिले जाते. औषध थेट गाठीपर्यंत जाते आणि तिथेच किरणोत्सर्ग करते.

रक्तातले क्रोमोग्रॅनिन मात्र सहज बहकते. कारण आपल्या घराघरांत आहे : पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल. या गोळ्यांनी जठरातले आम्ल घटते. शरीर ते भरून काढायला गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते. गॅस्ट्रिनमुळे जठरातल्या काही न्यूरोएंडोक्राइन पेशी उत्तेजित होतात आणि क्रोमोग्रॅनिन सोडतात. गाठ कुठेच नसते, आकडा मात्र कित्येक पट चढलेला. मूत्रपिंड निकामी झाले असेल, जठराचे अस्तर झिजले असेल, हृदय थकले असेल, तरी तो वाढतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचे किट प्रथिनाचे वेगवेगळे भाग ओळखतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी जुळवता येत नाही. फिओक्रोमोसायटोमासाठी तर आता अ‍ॅड्रिनॅलिनच्या विघटनातून बनणारे मेटानेफ्रिन मोजणेच पहिली पसंती आहे.

दुखण्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'पोट बिघडू नये म्हणून' एक गोळी लिहायची आणि ती पुढे वर्षानुवर्षे उपाशीपोटी घेत राहायची, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. त्यामुळे धडधाकट माणसाने हौसेने क्रोमोग्रॅनिनची रक्तचाचणी करून घेणे म्हणजे विनाकारण सीटी स्कॅनची आणि झोप उडण्याची सोय करणे. निदान झालेल्या रुग्णात, ज्याचा आकडा सुरुवातीपासून चढलेला होता, त्याच्या उपचाराचा मागोवा घ्यायला ती उपयोगी आहे. चाळणी म्हणून नाही.

तुमच्या घरात कुणाला ही तपासणी सांगितली असेल तर अ‍ॅसिडिटीची कोणती गोळी किती दिवस चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. साधारण दोन आठवडे ती थांबवावी लागते, पण ती थांबवायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तोही सांगा. आणि दर वेळी रक्त एकाच लॅबमध्ये द्या.