घरच्या मंडळींसह लंकेची सफर

वाशिमला समुद्र नाहीं. पश्चिमेस कोंकणचा किनारा आणि पूर्वेस आंध्रचा. दोन्ही इतके दूर कीं, येथील कित्येक मुलें भरती-ओहोटी भूगोलाच्या पुस्तकांतच पाहून मोठीं होतात. आतां मात्र सुशिक्षित घरांतून एक नवाच बेत ऐकूं येऊं लागला आहे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या कीं एकदां परदेशीं जाऊन यावें, आणि तेंहि असें कीं, थोरांना प्राचीन स्थळें दिसावींत, मुलांना रानांतले प्राणी दिसावेत व सर्वांना समुद्राचा वारा लागावा. बेत चांगला आहे. परंतु आजी, आईबाप व दोन मुलें अशा पांच माणसांच्या घराची कित्येक वर्षांची शिल्लक अशा एका प्रवासांत खर्ची पडते, आणि तो पुन्हां कधीं घडेल याची शाश्वति नसते. म्हणून देश कोणता, या प्रश्नापूर्वीं महिना कोणता, हा प्रश्न सोडविला पाहिजे. बहुतेक घरांत नेमका हाच क्रम उलटा होतो.

विदर्भांत ऊन कडक. म्हणून येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षां उशिरा, जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात. तेव्हां मे महिना आणि जूनचा पूर्वार्ध ही मोठी सुटी, व दिवाळीची ती लहान सुटी. आतां या दोन खिडक्यांतून जगाकडे पाहावें. आफ्रिकेंतील केनियाचीं सिंह-हत्तींचीं वनें आणि जवळचा झांझिबारचा किनारा मनांत भरण्यासारखा खरा. परंतु मार्चपासून मेपर्यंत तेथें मोठा पाऊस असतो, पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते, आणि पांच माणसांचें विमानभाडेंच डोळे पांढरे करतें. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मे महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होऊन समुद्र खवळतो. मग जवळचा, खर्चास झेपणारा आणि तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं देणारा देश उरतो तो श्रीलंका.

हें बेट महाराष्ट्राच्या सुमारें पंचमांशाएवढें. तरी त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे पावसाळे आहेत. नैर्ऋत्येकडील वारे मे ते सप्टेंबर या काळांत कोलंबो, गॉल, मिरिस्सा हा सारा पश्चिम व दक्षिण किनारा भिजवितात. मधला डोंगराळ मुलूख त्यांस अडवितो, व पलीकडे पूर्वेस त्रिंकोमालीचें आकाश त्याच महिन्यांत निरभ्र असतें. आपल्याकडे सह्याद्रीमुळें जें कोंकण आणि माणदेश यांचें होतें, तसेंच हें. डिसेंबरपासून ईशान्येचे वारे सुरू झाले कीं पारडें फिरतें; दक्षिण किनारा शांत, पूर्व किनारा खवळलेला. जाहिरातींत जीं रम्य चित्रें असतात तीं पुष्कळदां दक्षिण किनाऱ्याचीं व जानेवारींतलीं असतात. तीं पाहून मे महिन्याचीं तिकिटें काढणारें कुटुंब चार दिवस खोलीच्या खिडकींतून पाऊस पाहून परत येतें.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. वाशिमचीं मुलें पोहायला शिकलीं तरी विहिरींत किंवा तलावांत शिकतात. लाट ओसरतांना पायाखालची वाळू ओढून नेते, किनाऱ्यापासून आंत जाणारा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यासहि दमवितो, हें त्यांस ठाऊक नसतें. आणि मोठ्यांसहि नसतें, हें अधिक वाईट. म्हणून ज्या महिन्यांत जो किनारा शांत, तोच निवडावा. तेथेंहि रक्षक कोठें उभा आहे, लाल निशाण लागलें आहे काय, हें विचारल्याशिवाय मुलांना गुडघाभर पाण्यापलीकडे सोडूं नये.

दिवाळीच्या सुटीविषयीं एवढेंच कीं, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन पावसाळ्यांमधला काळ. तेव्हां जवळजवळ सर्व बेटावर सरी असतात व बंगालच्या उपसागरांत वादळें उठतात. नोव्हेंबर २०२५ मध्यें डिटवा नांवाच्या चक्रीवादळानें तेथें महापूर व दरडी आणल्या, शेंकडों माणसें दगावलीं आणि डोंगरांतील रस्ते व लोहमार्ग यांची मोठी हानि झाली. दिवाळींत जावयाचें तर दुसरा देश पाहावा. मेमध्यें जावयाचें तर पूर्व व उत्तर-मध्य भागाचाच बेत आंखावा. कँडीपलीकडील डोंगरांतली प्रसिद्ध आगगाडी चालू आहे कीं नाहीं, याची चौकशी केल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये.

कागदपत्रांचें काम कंटाळवाणें असलें तरी तें दिवाळीनंतर लगेच हातीं घ्यावें. विदर्भाचें पासपोर्ट कार्यालय नागपुरास आहे. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा. मुलांचा पांच वर्षांचा, किंवा अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंतचा. मुलांसाठीं आईबाप दोघांचीहि संमति लागते. अडचण बहुधा आजींच्या कागदांत निघते. आधारवर एक नांव, बँकेंत दुसरें. कोठें माहेरचें, कोठें सासरचें. जन्मतारीख तर एका ठिकाणीं नुसतें वर्षच. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वीं जन्मलेल्यांना जन्मदाखल्याऐवजीं इतर कागद चालतात, परंतु ते एकमेकांशीं जुळले पाहिजेत, आणि तें जुळविण्यांत महिने जातात. प्रवासाच्या दिवशीं पासपोर्टाची निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी. लंकेचा प्रवेश-परवाना घरबसल्या संगणकावरून काढतां येतो. मात्र त्याचे नियम व शुल्क अलीकडे अनेकदां बदललें आहे, म्हणून तें तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावें. तशाच नांवाचीं, जास्त पैसे उकळणारीं नकली स्थळें पुष्कळ आहेत. प्रवास-कंपनीमार्फत गेल्यास रकमेवर कांहीं कर आगाऊ कापला जातो. तो आयकराच्या हिशेबांत वळता होतो, तेव्हां पावती जपून ठेवावी.

वाशिमहून विमानतळ गांठण्याच्या वाटा तीन. अकोल्यास जाऊन मुंबईची आगगाडी. समृद्धि महामार्ग, जो याच जिल्ह्यांतून जातो व जून २०२५ मध्यें मुंबईच्या बाजूनें पूर्ण झाला. अथवा दक्षिणेकडे हिंगोली, पूर्णा, नांदेड या मार्गानें हैदराबाद. मुंबई व चेन्नई येथून कोलंबोस थेट विमानें आहेत. मुंबईहून सुमारें अडीच तास, चेन्नईहून त्याच्या निम्मेच. मध्यरात्रीं उतरणारें विमान शंभर-दोनशें रुपयांनीं स्वस्त म्हणून घेऊं नये. वृद्ध माणसास तें सोसत नाहीं.

नऊ रात्रींचा बेत पुरेसा आहे. पहिली रात्र विमानतळाजवळच्या नेगोम्बो गांवीं फक्त विश्रांतीची. पुढें दोन रात्री अनुराधपुरास. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिनें इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत बोधगयेहून जी बोधिवृक्षाची फांदी नेली, तिचा वृक्ष तेथें आजहि पूजेंत आहे. विदर्भांतील पुष्कळ घरांना हें स्थान पाहण्यासारखें नव्हे, वंदन करण्यासारखें वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५० मध्यें बौद्ध परिषदेसाठीं लंकेस गेले होते, तेव्हां कँडीची वाट त्यांच्याहि पायांखालची आहे. जूनच्या पौर्णिमेस, म्हणजे पोसोनच्या दिवशीं, अनुराधपूर व शेजारचें मिहिंतले येथें अपार गर्दी लोटते. ती पाहण्याची इच्छा असेल तर तारीख साधावी. नसेल तर कटाक्षानें टाळावी. पवित्र स्थळीं पादत्राणें काढावीं लागतात आणि मे महिन्यांत दुपारचे दगड तव्यासारखे तापतात. जाड पायमोजे बरोबर असले म्हणजे आजी सावलींत बसून राहात नाहींत. गुडघे व खांदे झांकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणें हा तेथें मोठा अपमान समजतात, हें मुलांना घरींच सांगून ठेवावें.

अनुराधपुराहूनच विल्पत्तु हें लंकेंतील सर्वांत मोठें राष्ट्रीय उद्यान एका सकाळींत पाहतां येतें. लंकेंत वाघ नाहीं, सिंह नाहीं; तेथील रानाचा राजा बिबट्याच. आपल्या ताडोबा-मेळघाटांत वाघाच्या धाकानें चोरून वावरणारा हा प्राणी तेथें उजेडांत निर्धास्त बसलेला आढळूं शकतो. तरी तो दिसेलच असें वचन कोणी देत असल्यास त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. रानांत स्वस्थ बसून वाट पाहण्याची मुलांना संवय हवी. आणि ती लावण्यासाठीं परदेशीं जाण्याची जरुरी नाहीं. जिल्ह्यांतच कारंजा-सोहोळचें अभयारण्य आहे, तेथें काळवीट आहेत. एखाद्या थंडीच्या पहांटे मुलांना दुर्बिण देऊन तेथें न्यावें. ज्या मुलाला काळविटाच्या कळपापुढें अर्धा तास गप्प बसतां येत नाहीं, त्याच्यासाठीं लंकेंतील जीपचें भाडें भरणें व्यर्थ आहे.

पुढील दोन रात्री हबरणे गांवीं. येथून सिगिरिया, पोलोन्नरुव आणि मिन्नेरिया हीं तिन्ही जवळ. मिन्नेरियाचा विशाल तलाव तिसऱ्या शतकांत महासेन राजानें बांधला. पाऊस संपून पाणी ओसरूं लागलें कीं उघड्या पडलेल्या काठावर कोंवळें गवत उगवतें, आणि त्या गवतासाठीं हत्तींचे कळप भोंवतालच्या रानांतून एकत्र येतात. याचा भर ऑगस्ट-सप्टेंबरांत. मे-जूनमध्यें तो मेळा नसतो, पण शेजारच्या कौदुल्ल किंवा हुरुलु येथें हत्ती भेटण्याचा चांगला संभव असतो. वाटाडे त्या आठवड्यांत हत्ती कोठें आहेत हें जाणतात. त्यांच्यावर तें सोडावें. हत्तीच्या पाठीवर बसविण्याचा धंदा मात्र वर्ज्य समजावा. साखळदंडांतला हत्ती पाहण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं.

सिगिरियाविषयीं वाशिमकरांना थोडें अधिक सांगितलें पाहिजे. पठारावर एकाकी उभा राहिलेला हा प्रचंड खडक पांचव्या शतकांत, इ. स. ४७७ ते ४९५ या काळांत, कश्यप राजाची राजधानी होता. चढावयास सुमारें १२०० पायऱ्या आहेत, आणि अर्ध्या वाटेवर खडकाच्या कुशींत मेघांतून वर आलेल्या स्त्रियांचीं तीं जगप्रसिद्ध चित्रें आहेत. आतां त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललें होतें ? वाशिम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेचा राजा हरिषेण त्याच शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता, आणि त्याचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ क्रमांकाचें लेणें कोरविलें. याच घराण्यांतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्यें वाशिमलाच सांपडला. चित्रकलेचे अभ्यासक अजिंठा व सिगिरिया यांची तुलना करीत आले आहेत ती या समकालीनतेमुळेंच. म्हणून सिगिरियास जाण्यापूर्वीं एकदां अजिंठा पाहिलेला असावा. ज्या मुलानें पद्मपाणीचे डोळे पाहिले आहेत, तें सिगिरियाच्या चित्रांपुढें थांबेल आणि कांहींतरी विचारील. ज्यानें पाहिले नाहींत, तें उरलेल्या पायऱ्या मोजील. चढण्यास सकाळीं लौकर, दार उघडतांच जावें. चित्रांचें छायाचित्र घेण्यास मनाई आहे. आजींनीं वर जाण्याचा हट्ट धरूं नये. पायथ्याचीं जलोद्यानें व वस्तुसंग्रहालय यांतच सकाळ चांगली जाते. सार्क देशांच्या नागरिकांना कांहीं स्थळीं सवलतीचा दर मिळतो, त्यासाठीं पासपोर्ट जवळ ठेवावा.

मग त्रिंकोमाली, तीन रात्री. हबरणेहून मोटारीनें दोन तासांच्या आंत. निलावेलीची उथळ, पांढरी वाळू. समोर होडीनें जातां येणारें कबुतर-बेट व तेथील प्रवाळ. प्रवाळावर पाय ठेवूं नये, तो जिवंत असतो. आजींसाठीं समुद्रांत घुसलेल्या कड्यावरील कोणेश्वराचें शिवमंदिर आहे. खाण्याची चिंता शाकाहारी माणसांना येथें कमी, कारण तामिळ वस्तीमुळें इडली-दोसा मिळतो. तांदुळाच्या शेवयांची इडिआप्पम् मुलांना आवडते. इतरत्र मात्र सावध असावें : सिंहली स्वयंपाकांत वाळल्या मासळीचा चुरा नारळाच्या चटणींत व भाजींतहि घालतात. ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं. ‘मासळीचा चुराहि नको’ असें स्पष्ट सांगावें.

शेवटची रात्र कँडीस, दंतधातूच्या मंदिरासाठीं. येथें एक वाद हटकून निघतो. आजींच्या मनांत नुवर एलियाजवळची अशोकवाटिका असते. सीतेचें मंदिर तेथें आहे. तें घ्यावयाचें तर एक रात्र वाढते आणि डोंगरांतला वळणांचा रस्ता लागतो. पावसांत तर तो टाळलेलाच बरा. रस्ता मोकळा असल्यास समुद्राची तिसरी रात्र कमी करून तें घ्यावें. बेत आंखतांना वृद्धांची वस्तूच प्रथम गळते, आणि तीं मोठीं माणसें ‘असूं द्या’ म्हणून गप्प राहतात.

पैशाविषयीं थोडेंच. मोटार व तिचा चालक सर्व दिवसांसाठीं एकच ठरवावा, आणि चालकाचें जेवण व राहणें त्यांत धरलें आहे काय, तें लेखी घ्यावें. फेब्रुवारी २०२४ पासून तेथें कांहीं दुकानांत आपल्या यूपीआयनें पैसे देतां येतात. तरी रोख जवळ असावी. मलेरियापासून लंका मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ मध्यें जाहीर केलें, पण डेंग्यू आहे. अंगभर कपडे व डांसांचें औषध न्यावें. आजींचीं रोजचीं औषधें दोन ठिकाणीं वांटून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतल्या पिशवींत ठेवावींत. मोठ्या पेटींत नव्हे. पौर्णिमेस मद्य व मांस यांचीं दुकानें बंद असतात. वाशिमच्या बहुतेक घरांना याची अडचण पडणार नाहीं. आणि परतीचें विमान शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशींचें नसावें; निदान तीन दिवस मधें ठेवावेत, कारण कपडे धुवायचे असतात आणि वह्यांना कव्हरें घालायचीं असतात.