कूलरला गवत की हनीकॉम्ब?

आमचं घर घाटाखाली, शेगावकडे. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, अन् बोअरचं पाणी खारं.

मागच्या वर्षी मी हौसेनं कूलरला हनीकॉम्ब पॅड बसवले. वर इंजिनिअरचा शहाणपणा असा, की आरओचं वाया जाणारं पाणी कूलरच्या टाकीत ओतायचं. मे महिन्यात पॅडवर पांढरा थर, हवा बंद, आणि आई रात्रभर अंगणात.

कारण सोपं आहे. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. आरओच्या वाया पाण्यात तर ते आणखी जास्त. आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पॅड म्हणूनच लवकर बसतात.

मग घ्यायचं काय? पाणी गोडं असेल तर हनीकॉम्ब. महाग, पण काही उन्हाळे चालतो. पाणी खारं असेल तर साधं गवत. स्वस्त, दर उन्हाळ्यात बदलायचं.

बदलताना आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ओल्या कूलरचा शॉक जीव घेतो. मग जाळी उघडा, जुनं गवत काढा, वरच्या पाइपची भोकं तारेनं मोकळी करा. नवं गवत सारखं पसरवा. जिथं विरळ, तिथून गरम हवा शिरते.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, घासा. क्षार जातात, डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही जातात.

यंदा मी गवतच भरलंय. आई आत झोपते. तुमच्याकडचं पाणी कसं आहे, ते आधी बघा, मग दुकानात जा!