चार वाजताची भूक

पाच रुपयांच्या पुड्याला मी कधी कमी लेखत नाही. तो दाताखाली कुरकुरतो, चालता-चालता खाता येतो, त्यासाठी कोणाला गॅस पेटवावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे लेकरू तो स्वतः दुकानात जाऊन, बोट दाखवून निवडतं. घरच्या खाण्यात हे गुण नसतील तर ‘तेलकट आहे, मीठ जास्त आहे, पोट दुखेल’ ही आपली भाषणं फुकट जातात. धनजच्या पोट्ट्यांना भाषणं आवडत नाहीत. कुठल्याच गावच्या आवडत नसतील.

धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं गाव. अंगणवाडी सेविका म्हणून माझी नोकरी झाली आणि आता घरी चार वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू सांभाळते. मुलगा आणि सून शेतात असतात. निंदण असो, सोयाबीनची सोंगणी असो की कापसाची वेचणी, चार वाजता आई घरी नसते. गावातल्या बहुतेक घरांचं हेच आहे. त्यामुळे मासिकांत छापून येणाऱ्या, गाजराची फुलं कातरून सजवलेल्या डब्यांचा आम्हाला उपयोग नाही. आम्हाला हवं ते डब्यातून काढून देता येणारं, नाहीतर आजीला दहा मिनिटांत होणारं.

आधी भुकेचा हिशोब. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,०१० कॅलरी लागतात, चार ते सहा वर्षांच्या मुलाला १,३६०. एवढं अन्न त्या इवल्याशा पोटात दोन जेवणांत मावत नाही. तीन जेवणं आणि मधल्या वेळचं दोनदा खाणं, असं वाटून द्यावं लागतं. म्हणजे चार वाजताचं खाणं हे लाड नव्हेत, ते दिवसाच्या आहारातलंच आहे. त्या वेळी पुडा पोटात गेला की सात वाजता ताटासमोर बसलेलं लेकरू म्हणतं, “मले भूकच नाई.” ते खोटं बोलत नसतं.

कुरकुरीत हवं ना? मग ज्वारीच्या लाह्या करा. लाह्यांची ज्वारी मिळाली तर उत्तम. दाण्यांना पाण्याचा हात लावून थोडा वेळ झाकून ठेवायचे, मग कडक तापलेल्या कढईत मूठ-मूठ टाकून वर फडकं नाहीतर झाकण धरायचं. तडतड आवाज सुरू झाला की माझी नात अंगणातून धावत येते. निम्मी गंमत त्या आवाजातच आहे. चमचाभर तेलात कढीपत्ता, हळद, जिरं, किंचित मीठ घालून त्यात लाह्या परतल्या की चिवडा तयार. घट्ट झाकणाच्या डब्यात तो आठवडाभर टिकतो. उन्हाळ्यात घातलेले ज्वारीचे धापोडेही असेच कामाला येतात. तळायची गरज नाही, निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजून वरून तेलाचं बोट फिरवलं आणि शेंगदाण्याची चटणी भुरभुरली की झालं.

इथे एक गोष्ट दामटून सांगते. चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खे दाणे असलेला चिवडा देऊ नका. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, खाता-खाता ते पळतं, हसतं, आणि दाणा श्वासनळीत जातो. शेंगदाण्याचा कूट करा, फुटाण्याचं पीठ करा. माझ्या नातवाला लाह्याही अख्ख्या देत नाही. लाह्या मिक्सरमधून काढून त्यांचं पीठ ठेवते आणि दह्यात कालवून भरवते. आमच्या सासूबाई जात्यावर हेच करायच्या आणि आजारातून उठलेल्या माणसालाही हेच द्यायच्या.

हातात धरता येणाऱ्या खाण्यात माझं पहिलं मत उकडपेंडीला. विदर्भाबाहेर हा पदार्थ फार कोणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. वाटीभर जाडसर कणीक, किंवा निम्मी कणीक आणि निम्मं ज्वारीचं पीठ, थोड्या तेलात मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून बाजूला काढायचं. मग मोहरी, जिरं, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा, हळद अशी फोडणी करायची. त्यात भिजवलेली मुगाची डाळ किंवा किसलेलं गाजर परतून शिजवून घ्यायचं. भाजलेलं पीठ घालून वरून आंबट ताकाचे हबके मारत हलवत राहायचं आणि झाकण ठेवून वाफ काढायची. मोठ्यांसाठी मिरची नंतर वेगळी घाला. मोठी माणसं हे ताटलीत घेऊन चमच्याने खातात. लेकरांना मात्र मुठीत दाबून मुटके करायला सांगा. माझी नात आधी ट्रॅक्टरची चाकं करते, चार चाकं झाली की एक-एक पंक्चर करून खाते. पीठ जरा कोरडं झालं तर चाकं फुटतात आणि मग माझ्यावर रागावते.

कढीगोळ्यांचंही तसंच. तुरीची नाहीतर हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटली, तिचे गोळे उकळत्या कढीत सोडले की जेवणाला कढी आणि चार वाजता हातात धरायला त्यातलेच दोन गोळे. पिठात बीटाचा कीस मळून वाटीने कापलेली छोटी थालीपिठं गुलाबी होतात. शेवग्याचा पाला बारीक चिरून घातला तर हिरवी. ‘पालेभाजी खा’ म्हटलं की तोंड फिरवणारं पोर ‘हिरवं थालीपीठ हवं की गुलाबी?’ या प्रश्नावर विचारात पडतं. निवड दुकानदारानेच का द्यावी? ती घरातही देता येते.

पण खरी मौज मार्गशीर्ष-पौषात. तुरीच्या ओल्या शेंगा शेतातून येतात, मीठ घातलेल्या पाण्यात उकडल्या जातात आणि टोपलं ओसरीवर येतं. कोणालाही बोलवावं लागत नाही. शेंग दातांनी ओढायची, दाणे आत आणि टरफल बाहेर. पुढे हरभऱ्याला घाटे आले की शेतातच काड्या पेटवून हुळा भाजतात, ज्वारी असेल तिथे हुरडा. तोंड काळं, हात काळे, आणि पोटात गरम ओले दाणे. लहानग्यांना दाणे दाबून मऊ करून द्यावे. सोलायचं काम मात्र त्यांनाच द्यावं. पोराने जो दाणा स्वतः सोलला तो ते सहसा टाकत नाही, हे मी अंगणवाडीतही पाहिलं. खिचडीतले वाटाणे वेचून बाजूला काढणारी मुलं वाटाणे सोलायला बसवली की कच्चेच मटकवायची.

याच दिवसांत संत्रीही असतात. आमच्या तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. तूर, हरभरा, पालेभाजी यांतलं लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही, सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. म्हणून शेंगांसोबत संत्र्याच्या फोडी, वरणावर लिंबू, आणि काहीच नसेल तर पेरू. ही साधी गोष्ट का महत्त्वाची ते आकड्यावरून कळेल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहातली जवळपास सात.

आणि हे लोह घालवायचं काम आपण रोज सकाळी करतो. चहा! वऱ्हाडात दोन वर्षांच्या लेकराच्या हातातही बशी असते, त्यात बुडवलेलं बिस्कीट किंवा टोस्ट असतो, आणि वरून कौतुक, “आमचा बापू चहाबिगर उठतच नाई.” चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, असं राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्यांनाच सांगितलं आहे. लहानांना तर तो मुळातच नको. पोटही भरल्यासारखं होतं, मग न्याहारी राहते. मोठ्यांनी समोर बसून फुरके मारायचे आणि लेकराला नाही म्हणायचं, हे जमत नाही, मला ठाऊक आहे. आमच्याकडे नातीच्या बशीत गूळ घातलेलं गरम दूध येतं, वरून चिमूटभर सुंठ. बशी तीच, फुरका तोच.

डब्यात करून ठेवायचा लाडू म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं एक मिश्रण ‘हैदराबाद मिक्स’ नावाने ओळखलं जातं. ते अशक्त मुलांसाठी बसवलेलं आहे, पण धडधाकट मुलांनाही चालतं. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभरा डाळ १६, भाजलेले शेंगदाणे १० आणि गूळ २०. एवढ्यात सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सगळं आपल्या कोठीतलं. बारीक दळून गूळ मिसळायचा, लागेल तेवढं तूप घालून लाडू वळायचे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मी गूळ न घालता तेच पीठ दुधात शिजवून देते, कारण त्या वयात गोडाची चटक लागली की पुढे भाकर फिकी लागते.

शाळेत जाणाऱ्यांची एक वेळ खिचडीवर निघते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, असं शालेय पोषण आहाराचं प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं अपेक्षित आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून राज्यात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. माझ्या मते हा निर्णय चुकला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, सोलून खायची गंमत वेगळी, आणि त्यात कोणाला भेसळ करता येत नाही. ज्या घरांत अंडं चालतं त्यांनी ते आठवड्यातून तीन-चारदा तरी द्यावं. बाकी, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे. गावातल्या ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवायला हरकत नाही.

सक्ती मात्र करू नका. अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सांगितली आहे ती मला पटते: काय, केव्हा आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते लेकराने. नवा पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणजे तो नावडता झाला असं नाही. आठ-दहा वेळा ताटात दिसल्यावर मुलं हात लावतात. नाक दाबून भरवलेली भाजी पोटात जाते आणि मनातून कायमची उतरते.

शेवटी सोयाबीन, आणि याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. आमच्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, पण ते खळ्यावरून थेट कारंजाच्या बाजार समितीत जातं. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, सोयाबीनमध्ये ३६ ते ४०. एवढं पिकवणाऱ्या घरातलं लेकरू वजनाच्या काट्यावर मागे का राहावं? लोक म्हणतात, वास येतो, पोट फुगतं. दोन्ही खरं, आणि दोन्हींवर उपाय एकच, दाणे उकळून ते पाणी टाकून देणं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, म्हणून त्याचं कच्चं पीठ कधीच वापरायचं नाही. दाणे निवडून, धुवून उकळत्या पाण्यात टाका, वीस-पंचवीस मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, चोळून सालं काढा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि हलकं भाजा. मग दहा किलो गव्हामागे एक किलो या प्रमाणात घालून चक्कीवरून दळून आणा. पोळीला वास येत नाही, रंगही फारसा बदलत नाही. पेरणीतून उरलेलं बियाणं मात्र चुकूनही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते विष आहे.

यंदा सोंगणी झाली की पोती बाजारात न्यायच्या आधी त्यातली दोन पायली घरी काढून ठेवा. भाव कितीही चढलेला असला तरी.