कॉक्रनची कैफियत

शिडं आणि शाई : लेखांक ६

जुलै १८१५ मध्ये लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगातल्या एका कैद्याने हजार पौंडांचा दंड भरला. एकच नोट. ती देण्याआधी त्याने तिच्या मागे चार ओळी लिहिल्या : कैदेने प्रकृती ढासळली आहे, छळणारे जीव घेतल्याशिवाय थांबतील असं दिसत नाही, म्हणून खून टाळण्यासाठी ही लूट सोसतो आहे, आणि जगलो तर गुन्हेगारांना न्यायासमोर उभं करीन. खाली सही केली. ती नोट बँक ऑफ इंग्लंडने जपून ठेवली. सही करणारा थॉमस कॉक्रन इंग्लंडच्या नौदलातला एकेकाळचा नामांकित कप्तान होता, आणि वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी निवडून दिलेला खासदारही.

गेल्या आठवड्यात आपण नेल्सनची पत्रं पाहिली. नेल्सनला आपली बाजू मांडत बसावं लागलं नाही. ट्रॅफल्गरच्या मृत्यूने ते काम केलं. कॉक्रन ८४ वर्षं जगला आणि त्यातली जवळजवळ पन्नास वर्षं त्याने आपलं म्हणणं पुन्हापुन्हा सांगण्यात घालवली. ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ सीमन’ हे त्याचं पुस्तक सागरी आत्मचरित्रांत मानाने मोजलं जातं. मला ते कोर्टात दाखल केलेल्या कैफियतीसारखं वाचावंसं वाटतं. तसं वाचलं म्हणजे त्यातलं शौर्य कमी होत नाही, आणि माणूस मात्र जास्त नीट समजतो.

कॉक्रनचा जन्म १४ डिसेंबर १७७५ चा, स्कॉटलंडमधला. वडील आर्चिबॉल्ड डंडोनाल्डचे नववे अर्ल आणि हाडाचे संशोधक. दगडी कोळशापासून डांबर काढून जहाजांचे तळ लाकूडकिड्यापासून वाचवायचे, अशी त्यांची योजना. नौदलाने तळांना तांब्याचे पत्रे ठोकायचं ठरवलं आणि संशोधनापायी घराण्याची इस्टेट गेली. मोठं नाव आणि रिकामी तिजोरी घेऊन १७९३ मध्ये सतराव्या वर्षी हा मुलगा काकांच्या जहाजावर रुजू झाला. पैशाची ही ओढ पुढे शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहिली.

१८०० साली त्याच्या हाती ‘स्पीडी’ आली. चौदा तोफांचं लहानसं जहाज, आणि तोफाही चार पौंडी गोळ्याच्या. पण या जहाजाने स्पेनच्या किनाऱ्यावर वर्षभर धुमाकूळ घातला. ६ मे १८०१ ला बार्सिलोनाजवळ ‘एल गामो’ समोर आलं : बत्तीस तोफा, ३१९ माणसं. स्पीडीवर होती ५४. कॉक्रनने आधी अमेरिकेचा झेंडा चढवून शत्रूला काही क्षण गोंधळात ठेवलं आणि तेवढ्यात थेट त्याच्या कुशीत जाऊन भिडला. गामोच्या तोफा उंचावर, त्यांचे गोळे स्पीडीच्या डोक्यावरून जाऊ लागले. स्पीडीच्या तोफा मात्र खालून वर तोंड करून मारा करत होत्या. मग सुकाणूवर एकट्या डॉक्टरला ठेवून सगळी माणसं वर चढली, आणि ऐन धुमश्चक्रीत कॉक्रनने आपल्याच एका माणसाकरवी स्पेनचा झेंडा उतरवला. आपल्या अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली असं समजून स्पॅनिश खलाशांनी हत्यारं टाकली. हे सगळं पुस्तकात आहे, आणि पुस्तकाबाहेरच्या नोंदींतही आहे. समुद्रावरच्या कॉक्रनवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

त्याचं राजकारण समजायचं तर नौदलातला पैसा समजून घ्यावा लागतो. पकडलेलं जहाज ‘प्राइझ कोर्टा’त मंजूर झालं की विकलं जाई. रकमेचे आठ भाग होत; तीन कप्तानाचे, त्यातला एक वरच्या ॲडमिरलला द्यायचा. बाकीचे अधिकारी आणि खलाशी यांच्यात वाटले जात. पण कोर्टाचे अंमलदार इतकी फी लावत की कधीकधी जहाज पकडणाऱ्याच्या पदरी कर्जच पडे. माल्टाच्या कोर्टात तर कॉक्रनने फीचं कोष्टकच उचलून नेलं, त्यापायी अटक झाली आणि दोरावरून उतरून तो पळाला. हे १८११ चं. सुधारणेचा कळवळा त्याला ग्रंथ वाचून आलेला नव्हता, तो अशा बिलांतून आला होता. म्हणूनच त्याच्या भाषणांत आकडे फार.

१८०६ मध्ये तो हनिटनमधून निवडून आला, १८०७ मध्ये सर फ्रान्सिस बर्डेट यांच्याबरोबर वेस्टमिन्स्टरमधून. गळक्या जहाजांवर माणसं पाठवण्याबद्दल तो बोलला, जखमी खलाशांच्या पेन्शनीबद्दल बोलला. एका भाषणातला हिशेब आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावा. असईच्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या वेलस्ली घराण्याला सरकारकडून वर्षाला ३४,७२९ पौंड मिळतात. लढाईत पाय गमावलेल्या लेफ्टनंटाला जी पेन्शन मिळते तिच्या दराने ही रक्कम पायांच्या ४२६ जोड्यांची होते, असं त्याने सभागृहाला सांगितलं. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही हे वाचताना अंगावर काटा येतो.

एप्रिल १८०९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बास्क रोड्समध्ये त्याने स्फोटकांनी भरलेली जहाजं फ्रेंच आरमारावर सोडली. घाबरून फ्रेंचांनी नांगराचे दोर कापले आणि त्यांची बहुतेक जहाजं चिखलात रुतली. आता फक्त पुढे यायचं होतं. सेनापती लॉर्ड गँबियर आपलं मुख्य आरमार घेऊन दूरच थांबले. कॉक्रनला ‘नाइट ऑफ द बाथ’ हा किताब मिळाला. गँबियर यांच्या आभाराचा ठराव येणार हे कळताच, आपण त्याला खासदार म्हणून विरोध करू, असं त्याने कळवून टाकलं. गँबियर यांनी लष्करी चौकशी मागून घेतली आणि ते निर्दोष सुटले. कॉक्रनची बढती तिथेच खुंटली. तो बरोबर होता, असं मला वाटतं. आणि बरोबर असणं कुठे थांबवावं हे त्याला कधीच कळलं नाही, असंही वाटतं.

आता पुस्तकाचं खरं मर्मस्थान. २१ फेब्रुवारी १८१४ च्या पहाटे डोव्हरला लष्करी गणवेशातला एक माणूस प्रकटला आणि नेपोलियन मारला गेल्याची बातमी सांगत लंडनकडे निघाला. सरकारी रोख्यांचे भाव चढले, दुपारनंतर बातमी खोटी ठरली. तो माणूस, द बेरेंजर, लंडनमध्ये उतरला तो थेट कॉक्रनच्या घरी. कॉक्रनने त्याच दिवशी आपले सुमारे १,३९,००० पौंडांचे रोखे विकले होते. एक टक्का भाव चढला की विकायचं, अशी सूचना आधीपासूनच दिलेली होती, हा त्याचा खुलासा. त्याचा एक काका या व्यवहारात खोल गुंतलेला होता आणि निकालाआधीच देश सोडून पळाला. घरी आलेला पाहुणा कोण, हे शपथपत्रावर कॉक्रनने स्वतःहून जाहीर केलं. गणवेश हिरवा होता असं तो म्हणाला, साक्षीदार लाल म्हणाले. लॉर्ड एलनबरो यांच्या कोर्टाने त्याला बारा महिन्यांची कैद आणि हजार पौंड दंड सुनावला. नौदलाने काढून टाकलं, संसदेने हाकललं, वेस्टमिन्स्टरने त्याच महिन्यात बिनविरोध परत निवडलं. वेस्टमिन्स्टर ॲबीतलं त्याचं किताबाचं निशाण उतरवून पायऱ्यांवरून लाथाडलं गेलं.

दोषी होता का? अभ्यासकांत आजही एकमत नाही. अपराधी माणूस आपण होऊन साथीदाराचं नाव शपथपत्रात कशाला लिहील, हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पण आत्मचरित्रात हे प्रकरण वाचताना सावध राहावं. विरोधी पुराव्याला तिथे जागाच नाही. जो न्यायाधीश तो वैरी, जो साक्षीदार तो विकला गेलेला.

१८१८ च्या अखेरीला पत्नी किटीसह तो चिलीत पोचला. स्पेनशी लढणाऱ्या या नव्या देशाला आरमार उभारायचं होतं. फेब्रुवारी १८२० मध्ये जेमतेम तीनशे माणसांनिशी त्याने वाल्दिव्हियाचे किल्ले घेतले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरच्या रात्री पेरूच्या काय्याओ बंदरात होड्यांतून २४० माणसं पांढऱ्या कपड्यांत गेली आणि किल्ल्याच्या तोफांखालून स्पेनची युद्धनौका ‘एस्मेराल्दा’ पळवून आणली. बंदरातल्या तटस्थ परदेशी जहाजांनी ओळखीचे दिवे लावताच कॉक्रनच्या माणसांनीही एस्मेराल्दावर तसेच दिवे चढवले. किनाऱ्यावरच्या तोफचींना कळेना की मारायचं कोणावर. हे त्याने मांडीत गोळी लागलेल्या अवस्थेत केलं.

चिलीतल्या कॉक्रनबद्दल त्याच्याखेरीज आणखी एक लेखणी बोलते, आणि ती आपल्या ओळखीची आहे. मारिया ग्रॅहॅमने मुंबईत राहून, घारापुरीची लेणी पाहून हिंदुस्थानातल्या वास्तव्याची रोजनिशी १८१२ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे व्हॅल्परेझोत ती विधवा म्हणून राहिली आणि १८२३ मध्ये कॉक्रनच्याच सोबतीने ब्राझीलला गेली. चिलीवरच्या तिच्या पुस्तकात तो दिसतो. ती त्याची चाहती होती हे लक्षात ठेवावं लागतं; तरी त्याच्या स्वतःच्या कैफियतीबाहेरचा हा आवाज मोलाचा आहे.

आरमारी कामगिरीबद्दल ब्राझीलने त्याला मारान्याव्हचा मार्की केलं, आणि बक्षिसाच्या पैशांवरून तिथेही भांडण झालं. पुढे तो ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला, पण तिथे फारसं काही साधलं नाही.

१८३२ मध्ये राजाने माफी देऊन त्याला नौदलात परत घेतलं, १८४७ मध्ये किताब परत मिळाला. पुढच्या वर्षी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या आरमाराचा प्रमुख म्हणून तो निघाला ते ‘वेलस्ली’वरून. हे जहाज १८१५ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या काळातलं.

लेखन आलं ते अगदी शेवटी. दक्षिण अमेरिकेतल्या कामगिरीची दोन खंडांची हकिगत १८५९ मध्ये, आत्मचरित्र १८६० मध्ये पुरं झालं. म्हातारपणी लिहायला जी. बी. अर्प नावाचे मदतनीस होते आणि कित्येक ठिकाणी वाक्यं कोणाची हे सांगणं कठीण आहे. आत्मचरित्र १८१४ च्या खटल्याच्या आसपास येऊन थांबतं. पुढचं आयुष्य मुलाने एका लेखकाच्या साहाय्याने १८६९ मध्ये लिहिलं. म्हाताऱ्या ॲडमिरलला आधी काय सांगून टाकायचं होतं, हे यावरून स्पष्ट होतं.

३१ ऑक्टोबर १८६० रोजी तो वारला. व्हिक्टोरिया राणीच्या हुकमाने अंत्यविधीच्या आदल्या दिवशी त्याचं निशाण ॲबीत परत लावलं गेलं. थकलेल्या पगाराची मागणी मात्र घराण्याने सोडली नाही. १८७७ मध्ये नातवाला ५,००० पौंड मंजूर झाले.

पुढच्या आठवड्यात फ्रेडरिक मॅरियट : कॉक्रनच्या ‘इम्पीरियूज’वर मिडशिपमन म्हणून आलेला आणि त्याच दिवसांच्या जोरावर कादंबरीकार झालेला त्याचा शिष्य.