गाडी मित्राची, जबाबदारी चालविणाऱ्याची

गणेशोत्सवाच्या आदल्या दिवशी मुंबईतील एखादे चौकोनी कुटुंब कोकणात जायला निघते. रेल्वेचे आरक्षण केव्हाच संपलेले, एसटीतही जागा नाही. अशा वेळी शेजारचा मित्र धावून येतो आणि आपल्या मोटारीची किल्ली हातावर ठेवतो. 'गाडी एकदम उत्तम आहे, काही बघायला नको,' असे वर सांगतोही. पेणच्या पुढे पोलीस गाडी थांबवितात. मागच्या एका टायरचा पार गोटा झालेला असतो, ब्रेकचा एक दिवा लागत नाही आणि पीयूसीची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली असते. 'साहेब, गाडी माझी नाही,' हे उत्तर अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी आपसूक येते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या उत्तराला फारशी किंमत नाही.

मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम १९० असुरक्षित वाहनाविषयी आहे. ते 'मालक' या शब्दापासून सुरूच होत नाही. जी कोणी व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी सदोष वाहन चालविते, किंवा चालवायला लावते वा चालवू देते, ती व्यक्ती दोषी, अशी त्याची रचना आहे. किल्ली देणारा मित्र 'चालवू देणारा' म्हणून या कक्षेत येतो हे खरे; पण त्यामुळे स्टिअरिंगवर बसलेला सुटत नाही. दोघेही एकाच वेळी जबाबदार असू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याचा दंड दीड हजार रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पीयूसीची मुदत टळलेली असली तर याच कलमाचे दुसरे पोटकलम लागू होते आणि तेथे दंडाची कमाल मर्यादा दहा हजारांवर जाते.

या कलमाचा सारा भार काही मोजक्या शब्दांवर आहे. दोष असा हवा, की जो चालविणाऱ्याला ठाऊक होता किंवा सामान्य काळजी घेतली असती तर ठाऊक होऊ शकला असता. म्हणजे 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून भागत नाही. माहीत करून घेता आले असते का, हा खरा प्रश्न आहे.

सामान्य काळजी म्हणजे मेकॅनिकची तपासणी नव्हे. गाडीभोवती एक फेरी मारली की बरेच काही दिसते. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. ती मोजायला उपकरण लागत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले, असे समजावे. टायरच्या कडेवर बहुधा चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. '२३१९' याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर तडकलेले असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना एकेक मिनिट पुरते. ब्रेकचे पेडल दाबल्यावर ते घट्ट लागते की हळूहळू खाली जाते, हे गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच कळते. सीएनजीवरची गाडी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, तेही पाहावे.

दोष मात्र नेहमी असे उघड्यावर नसतात. १९६९ साली ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेले एक प्रकरण या विषयात आजही सांगितले जाते. उतारावर एका मालमोटारीचे ब्रेक अचानक निकामी झाले आणि एका माणसाचा बळी गेला. ब्रेकच्या द्रवाची नळी गंजून तिला भोक पडले होते, आणि तेही अशा जागी, की नळी पूर्ण सोडविल्याखेरीज ते दिसणे शक्य नव्हते. तरीही मालक सुटले नाहीत. दोष दडलेला होता एवढे दाखवून पुरत नाही. योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे वाहन वापरणाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे, असे बहुमताने ठरले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मुंबईहून आलेल्या एका अपिलात हेच तत्त्व स्वीकारले. हे दोन्ही निकाल वाहनमालकांच्या नुकसानभरपाईसंबंधीचे आहेत. तरी 'ब्रेक फेल झाले' हे पालुपद न्यायालयात का टिकत नाही, ते यावरून कळते. ब्रेक नीट लागत नाहीत हे ठाऊक असताना कोणी घाट उतरला आणि कोणाचा जीव गेला, तर प्रश्न दंडाच्या पावतीपुरता उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याबद्दल पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती.

कागदपत्रांच्या बाबतीत कायदा याहूनही कडक आहे. विम्याशिवाय वाहन 'वापरणे' हाच गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे पगारी चालकाला एक सवलत आहे. पॉलिसी संपल्याचे त्याला माहीत नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर तो दोषी ठरत नाही. मालकाच्या गाडीची कागदपत्रे तपासण्याची सोय नोकराला नसते, हे त्यामागचे तारतम्य. मैत्रीखातर गाडी मागून आणणाऱ्याला ही सवलत नाही. आता तर गाडीचा क्रमांक 'एमपरिवहन' ॲपवर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी यांच्या मुदती घरबसल्या दिसतात. जे दोन मिनिटांत दिसू शकते ते पाहिले नाही, तर 'सामान्य काळजी घेतली' असे म्हणणे अवघड होत जाणार.

भाड्याच्या गाडीची गोष्ट थोडी निराळी. स्वतः चालविण्यासाठी मोटार भाड्याने देणे हा परवान्याचा व्यवसाय असून त्यासाठी केंद्र सरकारची १९८९ ची योजना आहे. अशा गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. तिला योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. हे प्रमाणपत्र नसेल तर गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही, आणि वैध नोंदणी नसलेले वाहन चालविण्यास कायद्याने कोणालाही मनाई आहे. गोव्यात उतरल्यावर चार पैसे वाचतात म्हणून पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने घेणारे पर्यटक या साऱ्या कवचाबाहेर पडतात. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो.

चालविणाऱ्याच्या बाजूनेही कायद्यात काही आहे, आणि ते मोटार जन्माला येण्यापूर्वीचे आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १५० मध्ये दुसऱ्याच्या ताब्यात वस्तू देणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्याखालची दोन उदाहरणे मोठी बोलकी आहेत. पहिल्यात एक जण आपला खोडकर घोडा दुसऱ्याला उसना देतो. घोड्याचा स्वभाव ठाऊक असूनही सांगत नाही. घोडा उधळतो, स्वार पडून जखमी होतो. देणारा जबाबदार. दुसऱ्यात एक जण घोडागाडी भाड्याने घेतो; ती धोकादायक असते, पण देणाऱ्यालाही त्याची कल्पना नसते. तरीही भाडे घेणाराच जबाबदार. थोडक्यात, फुकट देणाऱ्याने ठाऊक असलेला दोष सांगितला की पुरे. पैसे घेणाऱ्याला अज्ञानाची सबब नाही. भाड्याच्या गाडीचे ब्रेक निकामी होऊन चालविणाऱ्याला इजा झाली, तर तो याच कलमाच्या आधारे कंपनीकडे भरपाई मागू शकतो. मात्र 'गाडी सुस्थितीत मिळाली' या छापील वाक्याखाली आपण घाईने सही केलेली असते, आणि नेमके तेच वाक्य पुढे आडवे येते. सही करण्यापूर्वी उजेडात गाडीचे, चारही टायरचे आणि डॅशबोर्डचे फोटो काढावेत.

मित्राची गाडी घेणाऱ्याची बाजू सर्वांत दुबळी आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. मागून आणलेल्या मोटारसायकलवरून जाताना एकाचा अपघाती मृत्यू झाला होता. वाहन उसने घेणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे त्याच वाहनाच्या विमा कंपनीकडून 'त्रयस्थ' म्हणून भरपाई मागण्याचा हक्क त्याच्या वारसांना नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२० च्या एका निकालातही हीच भूमिका कायम राहिली. वारसांच्या पदरी पडले ते पॉलिसीतील वैयक्तिक अपघाताच्या कलमाखालचे एक लाख रुपये. रस्त्यावरच्या परक्या माणसाला जे संरक्षण मिळते, ते गाडी चालविणाऱ्याला मिळत नाही. ज्याला वारंवार दुसऱ्याची गाडी चालवावी लागते, त्याने स्वतःच्या नावाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढणे इष्ट.

निघताना गाडी ठीक असली, तरी प्रवासात दोष उद्भवला तर काय? डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, की त्या क्षणापासून दोष चालविणाऱ्याला 'ठाऊक' झालेला असतो. 'जवळच पोहोचायचे आहे' म्हणून पुढे नेलेला प्रत्येक किलोमीटर त्याच्या खाती जमा होतो. गाडी बाजूला घेऊन भाडे कंपनीला किंवा मालकाला कळवावे; शक्यतो संदेश पाठवून, म्हणजे वेळेची नोंद राहते. परत करतानाही 'सगळे छान झाले' एवढ्यावर न थांबता, पेडल खोल जाते, मागचा टायर झिजला आहे, हे लिहून कळवावे. मैत्रीत हे थोडे चमत्कारिक वाटते खरे. पण तो संदेश मिळाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी घेऊन कार्यालयात निघणारा मालकही कलम १९० पुरता 'दोष ठाऊक असलेला' चालक झालेला असतो.