चेंडूची गोष्ट – लेखांक ७ : हवेतला अर्धा सेकंद

प्रभादेवीच्या गल्लीत रात्री उशिरा रंगणारं अंडरआर्म क्रिकेट ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर आजचा विषय आधीच उभा असेल. दोन्ही बाजूंना चाळी, मधे जेमतेम पंधरा-वीस पावलांची जागा, भिंतीवर खडूने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे स्टंप. चेंडू थेट कुणाच्या खिडकीत गेला की आउट. हात खांद्यावरून फिरवायला बंदी. या खेळात जोर लावणारा पोरगा पहिल्याच षटकात मार खातो, कारण रबरी चेंडू जितक्या जोरात येतो तितक्याच सहज बॅटला लागून पळतो. विकेट काढणारा वेगळाच असतो. तो मनगट मुडपून चेंडू बोटांच्या टोकांवर धरतो आणि सोडताना अशी चिमटी देतो की फरशीवर पडल्यावर चेंडू क्षणभर अडखळल्यासारखा वाटतो, मग एकदम बाजूला पळतो. मी लहानपणी वेगाने टाकणाऱ्यांपैकी होतो आणि गल्लीतल्या एका किडकिडीत मुलाचा मला फार हेवा वाटायचा. माझ्यापेक्षा निम्म्या ताकदीचा तो, पण विकेट मात्र दुप्पट.

गेल्या आठवड्यात आपण चेंडूची शिवण पाहिली. आज जोर आणि कसब यांचं नातं पाहू. व्यावसायिक क्रिकेटमध्ये हे नातं बिघडत चाललं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी साधा हिशेब. गोलंदाजाची पॉपिंग क्रीज आणि समोरचे स्टंप यांच्यात १८.९ मीटर अंतर असतं. फलंदाजाच्या क्रीजपर्यंतचं अंतर धरलं तर १७.६८ मीटर. हवेचा अडथळा आणि टप्पा क्षणभर बाजूला ठेवू. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हे १७.६८ मीटर साधारण ०.४५ सेकंदात कापतो. ११५चा चेंडू ०.५५ सेकंद घेतो. ८५ने टाकलेली फिरकी पाऊण सेकंद. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध केपटाउनला १६१.३चा चेंडू टाकला, त्याला ०.४ सेकंदही लागले नसतील. फलंदाजाला पाहायचं, ठरवायचं, पाय हलवायचा आणि बॅट आणायची ती या मुदतीत.

वेगवान गोलंदाज ही मुदत कमी करतो. कसबी गोलंदाज मुदतीचा अंदाजच चुकवतो. सरावलेला फलंदाज १४०शी जुळवून घेतो. एकामागून एक सहा चेंडू त्याच वेगाने आले की त्याची बॅट घड्याळासारखी खाली येते. त्यात सातवा चेंडू त्याच हाताने, त्याच धावेने, पण ११५ने आला की बॅट एक दशांश सेकंद आधी तिथे पोहोचते आणि चेंडू मागाहून येतो. शिवाय जोराचं एक दुखणं आहे : चेंडूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४०च्या चेंडूत ८५च्या चेंडूपेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते. फलंदाजाने नुसती बॅटची कड दाखवली तरी तो थर्डमॅनला चौकार जातो. गल्लीतला रबरी चेंडू आणि वानखेडेवरचा लेदरचा चेंडू, दोघांचा नियम एकच.

फिरकीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती टप्पा पडण्याआधीच. डावखुरा फिरकीपटू तर्जनीने शिवण खेचून चेंडू गरगरवतो. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा ओढतो, एका बाजूची हवा वेगाने जाते, दुसऱ्या बाजूची रेंगाळते, आणि चेंडू कमी दाबाच्या बाजूला सरकतो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. चेंडू पुढच्या दिशेने फिरेल असा पीळ दिला तर तो अपेक्षेपेक्षा आधीच खाली बसतो. फलंदाजाला वाटतं चेंडू पायाशी पडेल, तो पाऊल टाकतो, आणि चेंडू हातभर अलीकडे पडतो. मैदानावरची माणसं म्हणतात, ‘फ्लाइटमध्ये फसवला’. वळायच्या आधीच काम झालेलं असतं. मात्र हे साधायला चेंडूला हवेत वेळ द्यावा लागतो. जोरात मारलेल्या चेंडूला बसायला सवडच मिळत नाही.

प्रभादेवीहून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर शिवाजी पार्क आहे. तिथल्या मातीत पद्माकर शिवलकर वाढले. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी विसाच्या आत, आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात, त्याच हाताने बिशनसिंग बेदी टाकत होते. १९७२-७३चा रणजी अंतिम सामना चेन्नईत चेपॉकवर झाला. खेळपट्टी फिरकीची, आणि तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबईचे १५१ आणि ११३. एवढ्यावर कुणीही सामना गमावला असता. पण तामिळनाडू ८० आणि ६१मध्ये संपलं. शिवलकरांचे आकडे : १६ धावांत ८, मग १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर सामना आटोपला. ज्या खेळपट्टीवर चेंडू सगळ्यांचाच वळत होता, तिथे फरक पडला तो किती वळतो यापेक्षा कुठे पडतो याने. ३ मार्च २०२५ला ते गेले. त्यांच्यापेक्षा कमी कसबाच्या किती जणांच्या नावापुढे ‘कसोटीपटू’ लागलं, हे मला आजही खुपतं.

मुंबईला कसबाचं हे वरदान एकट्या शिवलकरांमुळे मिळालं नाही. सुभाष गुप्तेंनी १९५८मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ बळी घेतले. बापू नाडकर्णींनी १९६४मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं टाकली. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर मारायचा त्यांचा सराव प्रसिद्ध आहे. वेगाकडेही मुंबईने पाठ फिरवली नाही. रमाकांत देसाई अंगाने इतके लहान की त्यांना ‘टायनी’ म्हणत, पण १९५९मध्ये दिल्लीत कसोटी पदार्पणातच त्यांनी एका डावात ४९ षटकं टाकली. आणि कांगा लीग. १९४८ पासून पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर. तिथे नुसता जोर चिखलात मरतो, बोटांना शिकावंच लागतं.

मग आजचं काय? दोन माणसांची उदाहरणं देतो.

जहीर खान श्रीरामपूरहून मुंबईत आला तो वेगासाठी. २००० साली नैरोबीत त्याने स्टीव्ह वॉची यष्टी यॉर्करने उडवली तेव्हा सगळ्यांनी त्याच्यात फक्त जोर पाहिला. दुखापती झाल्या, संघातली जागा गेली. २००६मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळायला गेला, धाव आखूड केली, ७८ बळी घेऊन परतला. २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतले तेव्हा त्याच्याकडे बोटांची पेरं दुमडून सोडायचा नकलबॉल होता. २ एप्रिलला वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याची पहिली पाच षटकं : तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. तरुणपणी त्याचा चेंडू जास्त वेगाचा होता, पण फलंदाजाला उत्तर सापडत नव्हतं ते या वयात.

दुसरा एजाझ पटेल. मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला. आधी डावखुरा मध्यमगती होता. उंची पुरेना म्हणून विशीत फिरकीकडे वळला. डिसेंबर २०२१मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे दहाच्या दहा बळी घेतले : ४७.५ षटकं, ११९ धावा. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर तिसराच. नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा वानखेडे, पुन्हा एजाझ, सामन्यात अकरा बळी. १४७चा पाठलाग करताना भारत १२१मध्ये गारद. या माणसाच्या अंगात वेग असता तर कदाचित तो फिरकीकडे आलाच नसता.

मला वेगाचा द्वेष नाही. खरा गोलंदाज दोन्ही जाणतो. डिसेंबर २०१८मध्ये मेलबर्नला जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या चेंडूवर बुमराने शॉन मार्शला पायचीत केलं. आधीचे चेंडू १४०च्या आसपास, हा पंचवीसेक किलोमीटरने कमी, हवेत बसलेला यॉर्कर. सुचवलं होतं आपल्या बोरिवलीच्या रोहित शर्माने. तो संथ चेंडू फसवा ठरला, कारण त्याच्यामागे खरा वेग उभा होता. वेग नसता तर मार्शने तो आरामात खेळून काढला असता.

चिंता आहे ती शिकवणीची. वेग पडद्यावर आकड्यात दिसतो, लिलावात त्याला भाव मिळतो. टप्प्याआधी चेंडू किती इंच बसला, हे कुठल्याही पाटीवर लिहून येत नाही. टी-ट्वेंटीत षटकार बसू नये म्हणून फिरकीपटूलाही चेंडू सपाट आणि जोरात मारायला सांगतात. चार षटकांपुरतं ते चालतं. पण बाराव्या वर्षी ज्या मुलाच्या बोटाला अजून पीळ यायचा आहे, त्याला सपाट टाकायची सवय लागली तर पुढे त्याचा हात उंच जात नाही. नेटबाहेर उभे असलेले पालक पहिला प्रश्न विचारतात तोही ‘किती स्पीड आहे?’ हाच. त्यांची काळजी खरी आहे, प्रश्न अपुरा आहे.

तुमचं मूल फिरकी टाकत असेल तर एक विनंती. पुढच्या रविवारी नेटच्या बाजूला उभं न राहता फलंदाजाच्या मागे, जाळीपलीकडे उभे राहा. तिथून चेंडू बसताना दिसतो. त्याचा उंच चेंडू कुणी भिंतीपलीकडे फेकला तर रागावू नका. पुढचा चेंडूही तेवढाच उंच टाकायला सांगा.

पुढच्या लेखांकात : जुना चेंडू उलटा का वळतो.