दिवे गाणे ऐकतात तेव्हा

गणपतीत पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. मखराभोवती त्याने एलईडीची पट्टी लावली होती. आरती सुरू झाली की ती झांजांच्या ठेक्यावर लखलखू लागे. घरातले बाकीचे दिवेही आपोआप चालणारे. संध्याकाळी सात वाजले की दिवाणखान्यात मंद पिवळा उजेड होई. त्या दिवशी नेमक्या सातलाच आरती रंगात आली आणि पट्टी एकाएकी थिजली. मंद, पिवळी, ढिम्म. "मामा, हिचं काय बिघडलं?" भाच्याने विचारले. बिघडले काहीच नव्हते. एका नोकराला दोन मालक झाले होते, इतकेच.

आधी पट्टी 'ऐकते' कशी ते पाहू. तिच्या टोकाला काड्यापेटीएवढी एक पाटी असते. तीवर मायक्रोफोन आणि मायक्रोकंट्रोलर बसवलेले असतात. मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतारांचे विद्युतदाबात रूपांतर करतो आणि मायक्रोकंट्रोलर हा विद्युतदाब सेकंदाला, समजा, २२,०५० वेळा मोजतो. हाती येते ती नुसती आकड्यांची माळ. तिच्यात मृदंग कोठे आणि झांज कोठे हे शोधायला फूरियेचे गणित लागते. जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेच्या वहनावरील आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. गुंतागुंतीचा चढउतार हा अनेक साध्या साइन तरंगांची बेरीज म्हणून मांडता येतो, ही त्यातील कल्पना. हे गणित झटपट करण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली मांडली. म्हणूनच आज काही शे रुपयांची पाटी ते चालू आरतीत करू शकते.

मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती कितीही महागडे यंत्र आणले तरी टळत नाही. पेटीवरच्या पांढरी एकची वारंवारता खालच्या सप्तकात सुमारे १३१ हर्ट्झ, तर शेजारच्या काळी एकची १३९. हे दोन सूर एकदम वाजले तर विस्पंद ऐकू येतात, सेकंदाला आठ. म्हणजे एक विस्पंद पुरा व्हायला १/८ सेकंद लागतो. तेवढे थांबल्याखेरीज त्या मूळ वारंवारता एक नसून दोन आहेत हे ना कानाला नीट उमगेल, ना यंत्राला. दोन सप्तके वर गेलो तर याच सुरांच्या वारंवारता ५२३ आणि ५५४ होतात. फरक ३१ हर्ट्झचा, म्हणून ३२ मिलिसेकंदांत काम भागते. (अकरावी-बारावीच्या वर्गात विस्पंद शिकवताना हे उदाहरण घेऊन पाहावे. सूत्रापेक्षा ते लवकर पटते.)

पट्टीला एवढी सवड नसते. ती ५१२ मोजमापांचा, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंदांचा, तुकडा घेते. त्यातून सुमारे ४३ हर्ट्झपेक्षा बारीक फरक तिला कळत नाही. तेव्हा पट्टी राग ओळखते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ती फक्त खालचे, मधले आणि वरचे असे पट्टे पाडून कोणत्या पट्ट्यात किती जोर आहे ते पाहते. मृदंग आणि झांज वेगळी काढायला तेवढे पुरते.

उजेड पाडायला त्यामानाने वेळच लागत नाही. सर्रास मिळणाऱ्या पट्टीत प्रत्येक दिव्याला लाल, हिरवा व निळा या रंगांचे आठ-आठ, असे २४ बिट पाठवावे लागतात. वेग सेकंदाला आठ लाख बिटांचा. म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद आणि दीडशे दिव्यांना साडेचार मिलिसेकंद. जुन्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेई, त्यामुळे त्याची उघडझाप आपोआप मवाळ होई. एलईडीला असली भीड नाही.

आणि इथे जपायला हवे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या व्यंगचित्रमालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकला. त्यानंतर सुमारे सातशे जणांना, त्यांत बहुतेक मुले, रुग्णालयात न्यावे लागले. काही व्यक्तींना ठरावीक वेगाच्या लखलखाटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि हा धोका आपल्याला आहे हे अनेकांना तोवर माहीतच नसते. पडद्यावरच्या चित्रांसाठी सेकंदाला तीनपेक्षा अधिक उघडझापी नकोत असा दंडक आहे. मिनिटाला १८० ठोके पडले की ही मर्यादा गाठली जाते. ताशा ती सहज ओलांडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात असे दिवे लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उपाय सोपा आहे. ठोक्याबरोबर सगळी पट्टी पेटवू-विझवू नये, पेटलेल्या भागाची लांबी कमी-जास्त करावी. तेज चढले तरी सावकाश उतरू द्यावे. आणि पट्टी पुरती काळोखी कधीच होऊ देऊ नये.

आता दुसरा मालक. घरचे स्वयंचलित दिवे पुष्कळदा झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलतात. तिचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट, आणि तोही सगळ्यांनी वाटून घ्यायचा. दहा दिव्यांना सेकंदाला पन्नास वेळा रंग सांगायचा म्हटले तर पाचशे निरोप झाले. एक निरोप ४०० बिटांचा धरला तरी दोन लाख बिट. पोचपावत्या आणि एका दिव्याने दुसऱ्याकडे पुढे ढकललेले निरोप यांना जागा उरते कोठे? ही पद्धत 'दिवा लाव', 'मंद कर' असे अधूनमधून सांगण्यासाठी आहे. मुख्याध्यापक तासाची घंटा देतात. वर्गातले प्रत्येक वाक्य काही ते कार्यालयातून सांगत नाहीत.

म्हणून ऐकणे आणि नाचणे पट्टीच्या पाटीवरच राहू द्यावे, घराच्या यंत्रणेने फक्त 'नाच सुरू', 'नाच बंद' आणि 'तेज इतके' एवढेच सांगावे. भाच्याकडे असेच होते. चुकला होता तो सातचा नियम. पट्टी काय करते आहे हे न विचारता तो थेट रंगाचा हुकूम सोडत होता. आम्ही त्यात एक अट घातली: नाच चालू असेल तर रंगाला हात लावायचा नाही, फक्त 'नंतर पिवळे व्हायचे' अशी नोंद ठेवायची. पण नाच संपला हे ठरवायचे कसे? पहिल्यांदा दहा सेकंद शांतता धरली, तर दोन आरत्यांमध्ये पुढची कोणती यावर चर्चा चाले तेवढ्यात पट्टी पिवळी होई. मग दोन मिनिटे केली. ती मंत्रपुष्पांजलीला कमी पडली, कारण तेव्हा झांजा थांबतात आणि आवाज इतका उतरतो की पाटीला ती शांतताच वाटते. शेवटी पाच मिनिटांवर आलो. विसर्जनापर्यंत तेवढी पुरली.